गुणवत्ता यादीच्या आधीची यादी

दहावीचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यात घरोघरी दोनच प्रश्न असतात. किती पडले? आणि सायन्स मिळेल का? पहिल्याचं उत्तर गुणपत्रिकेवर असतं. दुसऱ्याचंही तिथेच असतं असं सगळे धरून चालतात. नव्वद असतील तर सायन्स, सत्तर असतील तर बघू, पन्नास असतील तर आर्ट्स घे आणि गप्प बस.

मला हे मान्य नाही. सायन्सला कोण जाणार, त्यात गणित कोण घेणार, पुढे जेईई-नीटच्या रांगेत कोण उभं राहणार, ह्याचा निवाडा दहावीच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. निकालाच्या दिवशी तो फक्त वाचून दाखवला जातो.

आधी जागांचं बोलू. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांपुरती होती. आता सालेकसा आणि देवरीसारखे आमचे तालुकेही तिच्यात आले. राज्यभरात अकरावीच्या 21 लाखांहून जास्त जागा होत्या आणि नोंदणी करणारी मुलं साधारण 14 लाखांच्या घरात. जागा लाखांनी उरल्या. तेव्हा ‘जागाच नाहीत हो’ हे कारण आता कोणी पुढे करू नये. बाक रिकामा आहे. त्या बाकापर्यंत कोण पोचतं आणि समोर फळ्यापाशी शिकवायला कोण उभं असतं, एवढंच विचारायचं आहे.

पहिली चाळणी लागते पाचवीत, नाही तर आठवीत. तिचं नाव तुकडी. अनेक शाळांत ‘अ’ तुकडी सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बाकीच्या तुकड्या मराठी. कोण कुठे बसणार हे कसं ठरतं? कुठे मागच्या वर्षीचे गुण बघतात, कुठे छोटीशी चाचणी घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी पालक येऊन सरांशी बोलले म्हणून पोरगा सेमीत जातो. जूनमध्ये ज्याचा बाप शाळेत येऊ शकतो त्याची सोय होते. ज्याचा बाप त्याच दिवसांत पऱ्हे टाकायच्या घाईत असतो, त्याचा पोरगा उरलेल्या तुकडीत. दहा वर्षांच्या पोराचा कल बापाच्या सवडीवरून ठरवणारी ही पद्धत कुठल्याही कागदावर लिहिलेली नाही. म्हणूनच तिला कोणी जाब विचारत नाही.

ह्या तुकडीचा हिशेब अकरावीत चुकता होतो. सायन्सची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राची पुस्तकं इंग्रजीत. घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि सोळाव्या वर्षी एकदम इंग्रजी. चार भाषा सांभाळणाऱ्या पोराला आपण ‘भाषेत कच्चा’ म्हणतो. त्यात नीट आणि जेईई मेन ह्या दोन्ही परीक्षा आज मराठीतून देता येतात. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण तिच्यासाठी दोन वर्षं वाचायचं पुस्तक मराठीत मिळत नाही. ह्याला सोय म्हणत नाहीत. दर प्रकरणाच्या शेवटी दोन पानं मराठी प्रतिशब्दांची आणि मराठीतल्या सारांशाची जोडली तर कोणाचं काय बिघडणार आहे?

दुसरी चाळणी आठवीत, आणि माझा खरा राग हिच्यावर आहे. केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शाळेत तिला सगळे एनएमएमएस म्हणतात. योजना 2008 पासूनची. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50), शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. 90 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, 90 शालेय विषयांचे. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. यादीत नाव आलं नाही पण परीक्षा पास झाली, तर मराठा-कुणबी मुलांना सारथी संस्थेकडून वर्षाला 9,600 मिळतात. ज्या जिल्ह्यात धानाच्या दोन-तीन एकरांवर घर चालतं, तिथे किती घरं साडेतीन लाखांच्या अटीबाहेर पडतील?

ही रक्कम नीट समजून घ्या. अकरावी-बारावीच्या वर्षांत ती खोलीचं भाडं होते, मेसचं बिल होते. बाहेरगावी राहून सायन्स शिकायचं की घरी राहून गावात मिळेल ते घ्यायचं, हे अनेक घरांत ह्या रकमेवर ठरतं.

आणि हा अर्ज मूल भरत नाही. तो शाळेच्या लॉगिनमधून भरला जातो. म्हणजे परीक्षेला कोण बसणार ह्याची यादी शाळेत तयार होते, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. गुणवत्ता यादीच्या आधीची यादी ती हीच. ती कधी भिंतीवर लागत नाही. तिच्यावर हरकत घेता येत नाही. तिच्यात नाव नसलेल्या मुलीला आपलं नाव तिथे असायला हवं होतं हेही माहीत नसतं.

त्या यादीत कोण असतं? जो वर्गात हात वर करतो. ज्याचं अक्षर सुवाच्य आहे. ज्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाप तहसीलला दोन चकरा मारू शकतो. जी पोरगी रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, ती हजेरीत मागे पडते, आणि हजेरीत मागे ती हुशारीतही मागे असं आपण ठरवून टाकतो. ती परीक्षेला बसलीच नाही, मग तिला नापास कोणी केलं?

‘सर, सगळ्यांचे फॉर्म भरले तर शाळेचा निकाल घसरतो,’ हे उत्तर कित्येक स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं. घसरू द्या! पन्नास मुलं बसून आठ निवड यादीत आली तर शाळेला आठ शिष्यवृत्त्या मिळाल्या. पाच बसून पाचही यादीत आली तर शंभर टक्के निकालाचा फलक मिळाला आणि तीन पोरांचे प्रत्येकी 48,000 गेले. फलक शाळेच्या फाटकावर लागतो. पैसे कोणाच्या घरातून गेले ते कुठेच लागत नाही.

शिष्यवृत्ती मिळाल्यावरही सुटका नाही. दर वर्षी राष्ट्रीय पोर्टलवर नूतनीकरण करायचं, दहावीला 60 टक्के टिकवायचे (अनुसूचित जाती-जमातींना 55). नववीतून दहावीत जाताना नूतनीकरण राहिलं की पैसे थांबले. चौदा वर्षांच्या मुलाकडून आपण ही दप्तरदारी मागतो, आणि ती चुकली की म्हणतो, ‘त्याला गरजच नसेल.’

तिसरी चाळणी अकरावीच्या अर्जाची. 2025 मध्ये दहावीचा निकाल लागला 13 मे रोजी. नऊ विभागांत नागपूर विभाग सर्वात खाली, 90.78 टक्के, कोकण सर्वात वर, 98.82. प्रवेशाचं संकेतस्थळ 21 मे रोजी उघडलं आणि लगेच कोलमडलं. नोंदणी सुरू झाली 26 मे रोजी. मुंबईतल्या घरात हे दिवस सुट्टीचे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हे दिवस तेंदूपत्त्याचे. पहाटे आईबाप जंगलात, दुपारी अंगणात पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. वर्षाची रोकड ह्याच दिवसांत हातात येते.

त्या दिवसांत तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर उभं राहून बघा. मुलगी एकटी आलेली असते. मोबाइल नंबर बापाचा दिलेला, ओटीपी बापाच्या फोनवर, बाप रेंजच्या बाहेर. दोनदा ओटीपी मुदतीबाहेर जातो. तिसऱ्यांदा फोन लागतो, बाप आकडे वाचून दाखवतो, एक आकडा चुकतो. अर्जाचा पहिला भाग असा भरला जातो. दुसरा भाग पसंतीक्रमाचा, दहा महाविद्यालयांपर्यंत. मागे रांग वाढलेली असते. सेंटरवाला विचारतो, ‘कोणतं टाकू?’ मुलगी मैत्रिणीने सांगितलेलं गोंदिया शहरातलं एक नाव सांगते. तो ते पहिल्या क्रमांकावर टाकतो, खाली जवळची दोन-तीन भरतो आणि अर्ज लॉक करतो. एका पोरीची पुढची दोन वर्षं सेंटरवाल्याच्या एका प्रश्नावर ठरली. त्या सेंटरवाल्याचा दोष नाही. तो त्याचं काम करतो. त्या खुर्चीच्या शेजारी तिची शाळा उभी नव्हती, हा दोष आहे.

आता नियम बघा. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मुंबईत हा नियम चालून जाईल. सालेकशाच्या मुलीला गोंदियातलं महाविद्यालय मिळालं, घरी खोलीभाड्याचा हिशेब मांडला, बाप म्हणाला जमत नाही, की तिला सगळ्यांचं आटोपेपर्यंत थांबावं लागतं. तोवर जवळच्या महाविद्यालयात सायन्सचा वर्ग सुरू होऊन गेलेला असतो. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या बसही आहेत. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण प्रॅक्टिकल संपायची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ जुळली नाही, तर तो पास दप्तरातच राहतो. ह्या दोन वेळा जुळवायला मंत्रालयाचा आदेश लागत नाही. प्राचार्य आणि आगारप्रमुख एकदा समोरासमोर बसले तरी भागतं.

प्रवेश झाला, तरी आत आणखी एक चाळणी आहेच. गणित की जीवशास्त्र? ‘मॅथ्स जड जाईल, बायो घे.’ हे वाक्य मुलींना जास्त ऐकवलं जातं. गणित सुटलं की अभियांत्रिकीचा रस्ता तिथेच संपतो, हे त्याच वेळी कोणी सांगत नाही. आणि गणित जड का जातं? विनाअनुदानित तुकड्यांवर गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा असतो. दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला, दुसरीकडे जरा बरे पैसे मिळाले की गेला. त्याच्यावर कोण रागावणार? पण गणिताच्या सरांची खुर्ची रिकामी असेल, तर ‘खुर्ची रिकामी आहे’ असं सांगा. ‘तुझं डोकं गणिताचं नाही’ असं पोरांना सांगू नका.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी आपली वाट काढली आहे. नाव एका महाविद्यालयात, शिकणं नागपूर, लातूर किंवा कोट्याच्या क्लासमध्ये. हे रोखायला राज्याने 2018 मध्ये सायन्सच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. यंत्रं बसली, बोटं उमटली, क्लास चालूच राहिले. आईबापांनी लेकराच्या भल्यासाठी पैसा टाकला, त्यांना मी दोष देत नाही. पण नुसत्या नावांनी भरलेल्या वर्गात जी दहा पोरं रोज खरोखर येतात, त्यांच्यासाठी शिकवायला कोण येणार, हे कोणी तरी विचारलं पाहिजे.

त्यात 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद पुढे आली. दहावीला गणित किंवा विज्ञानात 35 पेक्षा कमी, पण किमान 20 गुण मिळाले तर मुलाला पास समजून अकरावीला जाता येईल. मात्र पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर येईल. पहिला अर्धा भाग मला पटतो. गणितात राहिलं म्हणून पोराने शाळाच सोडावी, हे थांबलंच पाहिजे. दुसरा अर्धा भाग अजिबात पटत नाही. ज्या शाळेत नववी-दहावीला गणिताला नीट शिक्षक नव्हता, त्या शाळेतल्या पोराला 22 पडले. ते 22 त्याचे की शाळेचे? शेरा मात्र त्याच्या नावावर. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण कला आणि विज्ञान ह्यांच्यात पक्की भिंत नको म्हणतं. मग पंधराव्या वर्षी ही भिंत कशासाठी? सल्ला म्हणून लिहायचं तर लिहा, आणि त्याच्याच खाली लिहा की उन्हाळ्यात तयारी करून फेरपरीक्षा दिली तर विषय घेता येईल.

‘पण नवोदय आहे ना,’ असं कोणी तरी म्हणेल. आहे. नवेगावबांधचं जवाहर नवोदय विद्यालय जिल्ह्याची शान आहे. सहावीला 80 जागा, तीन चतुर्थांश ग्रामीण भागासाठी राखीव. देवरी तालुक्यात बोरगाव बाजारला एकलव्य निवासी शाळा आहे. दोन्हींनी अनेक घरांचं नशीब पालटलं. पण आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात ह्या जागा मूठभरच, आणि तिथेही आधी कोणी तरी अर्ज भरावा लागतो. 1963 पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा तर 2021 नंतर बंद पडली आहे. दहावीतल्या खेड्यातल्या पोराला देशाच्या यादीत नेणारी ती एक वाट होती. तिच्यासाठी कोणी रस्त्यावर आलं नाही.

सगळ्यांनाच संधी दिली तर खरंच काही निघतं का? निघतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ब्रोवर्ड काउंटी आहे. तिथे विशेष गुणवत्तेच्या वर्गासाठी मुलांची शिफारस शिक्षक आणि पालक करत असत. 2005 मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जूलियानो ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली निवडलेली मुलं एकदम वाढली. ती आधीही तिथेच होती, फक्त त्यांचं नाव कोणी पुढे केलं नव्हतं. पुढे पैशांची चणचण आली, सरसकट चाचणी थांबली, आणि आकडे पुन्हा जुन्या जागी गेले. मुलांची बुद्धी दोन-चार वर्षांत वाढून पुन्हा आटली काय? नाही. शोधणं बंद झालं.

नॉर्थ कॅरोलायनाने 2018 मध्ये कायदाच केला: गणितात वरची पातळी गाठलेल्या मुलाला पुढच्या वर्षी प्रगत गणिताचा वर्ग द्यायचाच. टेक्सासने 2023 मध्ये चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना सहावीपासून प्रगत गणितात आपोआप बसवायचं ठरवलं. नको असेल तर पालकाने तसं कळवायचं. ह्यात एकच गोष्ट उलटी केली आहे. हवं असेल तर मागा, ह्याऐवजी नको असेल तर सांगा.

गोंदियात हे आजपासून करता येईल. एनएमएमएसच्या अटीत बसणाऱ्या आठवीतल्या प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेने भरायचा. ज्या पालकाला नको असेल त्याने सही करून नको म्हणायचं. उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसीलने शाळेत एक दिवस शिबिर लावायचं. मतदार नोंदणीसाठी माणसं गावात येतात, दाखल्यासाठीही येऊ शकतात. सेमीच्या तुकडीची यादी कारणांसह लावायची आणि वर्षाच्या मध्येही तुकडी बदलता यायला हवी. मे महिन्यात शाळेचा एक वर्ग उघडा ठेवून, दहावीच्या प्रत्येक मुलाचा पसंतीक्रम त्याला शिकवलेल्या शिक्षकाने त्याच्याशेजारी बसून भरायचा. तेंदूपत्त्याच्या गावांत संध्याकाळी सातनंतर. आणि ज्या महाविद्यालयात गणिताला वर्षभराचा माणूस नाही, त्याला सायन्सच्या जागा देण्याआधी तो माणूस द्यायचा. एकाला नसेल तर शेजारच्या दोन महाविद्यालयांना मिळून द्या.

शिक्षकांवर आधीच किती कामं आहेत हे मला ठाऊक आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती. त्यांच्या पाठीवरचं ओझं आधी उतरवा, मग हे द्या. पण ह्या जिल्ह्यातला शेतकरी कालव्याचं पाणी आलं की शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं की नाही ते पायी जाऊन बघतो. ते शेवटपर्यंत बघणं शिक्षण खात्याने स्वतःकडे घ्यावं.

1958 मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली तेव्हा इथला प्रश्न होता, कॉलेज कुठे आहे? 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, 2016 मध्ये गोंदियात वैद्यकीय महाविद्यालय आलं. कॉलेजं आली. आता विचारायचं ते हे की त्यांच्या दारात सालेकशाच्या, देवरीच्या पोरांना कोण आणून सोडणार.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाच्या फलकाशेजारी आणखी दोन आकडे लिहावेत अशी माझी मागणी आहे. आठवीत एनएमएमएसच्या अटीत बसणारी मुलं किती, आणि त्यांतली परीक्षेला बसवली किती. शिक्षणाधिकाऱ्यांनी दौऱ्यात आधी हेच दोन आकडे वाचावेत. जिथे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तिथे मुलांच्या हुशारीबद्दल कोणी एक शब्दही बोलू नये. आधी त्या फरकाचं उत्तर द्यावं, आणि ते त्या वर्षाचा अर्ज बंद होण्याच्या आत द्यावं.